तिघांना विकलेला पत्ता

३ मार्च
वकील शोधून देणाऱ्या साईटवरून पहिली अशील आली! वकिलीचं ऑफिस थाटल्यापासून खुर्च्यांवरची धूळच झटकत होते. साईटवाला फोनवर इतकं गोड बोलतो, की मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. "ताई, तुम्ही फक्त फोन उचला. माणसं आम्ही आणतो." दर अशिलामागे त्याला पैसे. चालेल की!

९ मार्च
सरांना हौसेने सांगायला गेले. त्यांच्याच हाताखाली काम शिकले ना! चहाचा कप तसाच खाली ठेवला त्यांनी. "नाव झळकवायचे ठरलेले पैसे दे, ती जाहिरात. माणूस आणून दिला म्हणून पैसे देतेस ती दलाली. सनद जाईल!"
"सर, हल्ली सगळेच देतात."
त्यांनी समोरची फाईल वाचायला घेतली. हिरमुसून घरी आले. या आठवड्यात साईटवरून नाव काढते.

१४ मार्च
एक नर्स आली. साईटवरूनच. नवरा मारतो. मुलीला घेऊन बाहेर पडलीय, मैत्रिणीकडे लपून राहते. जाताना म्हणाली, "साईटवर लिहिलं होतं, खास तुमच्यासाठी निवडलेल्या वकील. बरं वाटलं. कोणीतरी माझा विचार केला."
मी हसले. वकीलपत्र सहीसाठी पुढे केलं.

१८ मार्च
साईटवरून नाव काढायचं राहिलंच. उद्या नक्की.

२१ मार्च
नर्सचा नवरा त्या मैत्रिणीच्या घरी पोचला! दारावर लाथा घातल्या. शेजारी धावले म्हणून निभावलं. नर्सचा फोन — रडत नव्हती, तेच जास्त भयंकर. "मॅडम, तो पत्ता मी फक्त साईटवर भरला होता. तुम्ही कोणाला सांगितलात?"
मी? कोणालाच नाही!
गोडबोल्याला गाठलं. "ताई, एक चौकशी आली की आम्ही तीन वकिलांना पाठवतो. जो आधी फोन करेल, त्याचा अशील."
नावं काढून घेतली, तर त्या तिघांत एक तिच्या नवऱ्याचाच वकील! त्याने पत्ता सरळ नवऱ्याच्या हातात ठेवला.
"आम्हाला काय कळणार ताई, कोण कोणाचा वकील?" आणि वर म्हणतो कसा — "तुम्हालाही समोरच्या पार्टीची माहिती हवी असली तर बघू की!"
फोन हातातून पडला. खरोखर पडला.

२२ मार्च
नर्सला भेटले. हॉस्पिटलने आवारातच खोली दिलीय, फाटकावर पहारेकरी आहे. ती मुलीचे केस विंचरत होती. सगळं सांगितलं. मी पैसे दिले, तेसुद्धा.
तिला आधी कळेचना. मग कंगवा केसांतच राहिला. "म्हणजे माझ्यासाठी कोणी वकील निवडली नाही? मलाच विकलं?"
"हो."
"तिघांना?"
"हो."
मग उठून मला पाणी दिलं. मला!

२४ मार्च
साईटविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे त्या वकिलाविरुद्ध, आणि माझ्याविरुद्ध. घरी यांनी कपाळाला हात लावला. "स्वतःवरच केस! फी कोणाकडून घेणार?" दोघंही हसलो. हसता हसता मला रडू फुटलं.

११ एप्रिल
चौकशी होईपर्यंत सनद निलंबित. अपेक्षा होतीच. दारावरची पाटी काढून ठेवली. नर्सची केस सरांनी घेतली. "फीचं नंतर बघू," म्हणाले तिला. माझ्याशी अजून बोलत नाहीत.

१२ एप्रिल
नर्सचा फोन. "सुनावणी लागलीय. याल ना?"
"मला आता कोर्टात उभं राहता येत नाही गं."
"वकील म्हणून नाही हो. माझी साक्षीदार म्हणून. पत्ता त्याला कसा मिळाला, ते सांगायला."
सरांकडे असताना कितीजणांना पिंजऱ्यात उलटसुलट विचारलं. आता शपथ मी घ्यायची.
"येते," म्हटलं.