अकरा पट्ट्यांची पृथ्वी

दि. ४ जून

चि. भाऊस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमच्या कारखान्याचा नवा पृथ्वीगोल शाळेत आला. 'तपासले, बरोबर आहे' या शिक्क्याखाली तुझी सही आहे, हे मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना मिरवून दाखवलं. आईसाठी एक घरीही आणला.

वर्गातल्या एका शंकासुरानं मात्र घोळ घातला. ही पोरगी माझं काही ऐकून घेत नाही, मोजून बघते. दर पंधरा अंशांना एक रेखावृत्त, म्हणजे चोवीस हवीत. तिला बावीसच सापडली. पंधरा अंश फिरायला पृथ्वीला तास लागतो, मग आता दिवस बावीस तासांचा झाला का, असं तिनं विचारलं. मुख्याध्यापकांनी बजावलं, की झाला असला तरी शाळा लवकर सुटणार नाही.

हेही हसण्यावारी नेलं असतं. पण धाकट्याचा जहाजावरून दर रविवारी दोन ओळींचा निरोप येतो, मी वाचते आणि आई त्या ठिकाणी बोट ठेवते. या खेपेला १६५ पश्चिम आलं, आणि ती रेषाच गोलावर नाही. जहाज बुडालंय, मी निरोप मनानं रचतेय, असं आईनं डोक्यात घेतलंय. दोन घासांवर उठते. खरं काय ते लगेच कळव.

तुझी ताई

दि. ९ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझ्यापासून काय लपवू! या खेपेला आतले कोरे गोळे मापापेक्षा लहान आले. कागदाच्या बारा पट्ट्या उभ्या चिकटवल्या की पृथ्वी पुरी होते. इथं अकरातच झाली. साहेबांनी बैठक बोलावली. गोळे परत करावेत असं कोणी सुचवलं नाही, कारण ते साहेबांनीच पसंत केले होते. पट्टी कुठली गाळायची, एवढाच प्रश्न उरला. जिथं जवळजवळ सगळं पाणीच आहे, ती गाळायचं ठरलं. वरच्या टोकाला थोडी वस्ती आहे, पण तिथून आपल्याला ऑर्डर येत नाही, असं साहेब म्हणाले. पट्ट्या उंचीलाही जास्त होत होत्या. ध्रुवांकडून कात्रीनं छाटल्या.

मी चाचरत रेखावृत्तांचं काढलं. साहेबांनी समजावलं, की ती काल्पनिकच असतात. मुळात नसलेलं काढून टाकलं तर गेलं काय? वर आठवण करून दिली, की मला कायम करायचा कागद त्यांच्याच टेबलावर आहे. मी मुकाट्यानं सह्या केल्या.

आईला सांग, गोल चुकलाय. बाहेर बोलू नकोस, माझ्या पोटावर पाय येईल.

तुझा भाऊ

दि. १४ जून

चि. भाऊस,

आशीर्वाद. सांगून पाहिलं. आई म्हणाली, भाऊनं सही केलीय, तो खोट्याखाली कशाला सही करेल? तुझ्या सहीपुढे माझी बावीस वर्षांची मास्तरकी पालापाचोळा ठरली. कालपासून ती अन्नाला शिवलेली नाही. मला तुझा रागही येतो आणि कीवही. आता तूच तिला लिही.

ताई

दि. १८ जून

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार. सोबत कागदाची एक लांब पट्टी पाठवतोय. ती गोलावर लावायला जाऊ नकोस, तिथं तिला जागा ठेवलेली नाही. ताटाशेजारी पसर, मधल्या रेषेवर बोट ठेव आणि आधी जेवून घे. धाकटा तिथंच आहे, खुशाल आहे.

आज साहेबांसमोर आणखी साठ गोल तपासायला आले. मी शिक्का उचलला नाही. साहेबांनी माझा कायम करायचा कागद शांतपणे फाडला. शिक्का आता शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे गेलाय आणि पृथ्वी वेळेवर रवाना होतेय. उद्या मी घरी येतोय.

तो समुद्र खरा आहे, आई, आणि सही खोटी होती. धाकट्याला काही झालेलं नाही; त्याला बुडवलं होतं ते मी, सहीनं. लोभ ठेव असं कुठल्या तोंडानं लिहू? पण ठेव.

तुझा भाऊ