माझं कार्ड, माझं सांगणं

सिंदी मेघे, वर्धा
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जयभीम. मी बरी आहे. सेलूला कापूस वेचणी सुरू झाली असेल. फोन केला की तू स्पीकरवर टाकतेस आणि सगळी आळी ऐकते, म्हणून लिहिते आहे. हे शेजारच्या काजलकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा लाव.

लॉच्या वर्गात सध्या खासगीपणाचा हक्क चालू आहे. कायद्यात ही कल्पना फार जुनी नाही. १८९० साली वर्तमानपत्रं आणि छोटे कॅमेरे लोकांच्या घरात डोकावू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ती मांडली. १९८३ साली जर्मनीत लोक जनगणनेविरुद्ध कोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, आपली माहिती कोणाला, किती द्यायची हे ज्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे. आपल्याकडे नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली हा मूलभूत हक्क मानला.

हे लिहून घेताना मला तू आठवलीस.

विवेकचं स्थळ तूच आणलंस. मग विहारात तूच त्याच्या आईला म्हणालीस, "पोरीचं सिकलसेलचं कार्ड पिवळं हाय बाई, मंग म्हनसान काऊन नाई सांगितलं." तुझ्या लेकीच्या, नलूताईच्या लग्नात कोणी कार्डं पाहिली नाहीत, आणि आज तिच्या श्रावणचे हातपाय सिकलसेलने दुखतात तेव्हा तूच दाबत बसतेस. म्हणून तू बोललीस, हे मला कळतं. सांगायलाच हवं होतं.

पण मी लपवत नव्हते, आत्या. मला आजार नाही, पिवळं कार्ड म्हणजे मी नुसती वाहक आहे. तोही वाहक असला तर मुलांना धोका. हे मीच त्याला पवनारला भेटून सांगणार होते. भेटले तर तोच म्हणाला, "तू काऊन नाई सांगितलं?"

नंतर त्यांच्याकडून निरोप आला नाही. बाबांना वाटतं, विषय संपला. संपला नाही. मला तो आवडतो, आणि आम्ही दोघं बोलत राहिलो.

त्यानेही रक्त तपासून घेतलं, रिपोर्ट मला दाखवला. त्याचं कार्ड कसं निघालं ते मला विचारू नकोस. सांगायचं तर तो सांगेल. सगळा विचार करून आम्ही लग्न करायचं ठरवलं आहे. शनिवारी दोघं घरी येऊन बाबांना सांगणार आहोत. तूही ये.

तुझ्याशिवाय हे अजून कोणाला माहीत नाही. शनिवारपर्यंत तुझ्यापाशी राहू दे.

तुझ्यावर भरवसा टाकून,
तुझी भाची
मयुरी