फिरवलेल्या फोटोबद्दल वहिनींना

ती. वहिनींना साष्टांग नमस्कार. (कागदावरच, प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागेल.) तुमची कंबर कशी आहे? दादाचा खोकला? माझी तब्येत ठणठणीत आहे आणि त्याचीच लाज वाटते. निदान ताप तरी यायला हवा होता.

आमचा शोधनिबंध मागे घेतला गेला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. आमचा म्हणजे तुमच्या चिरंजिवांचा. मी निवृत्त बाई. पण त्याच प्रयोगशाळेत जन्म घालवला, म्हणून त्याने माझंही नाव घातलं. छापून आला तेव्हा सकाळी फिरायला येणाऱ्या झाडून सगळ्या बायकांना मी तो पाठवला होता. (निबंध पानांवरच्या बुरशीचं नवं औषध जुन्याइतकंच गुणकारी, यावर. त्यांना बुरशी माहीत ती पावावरची.) आता तोच निबंध उघडला की प्रत्येक पानावर आडवं, लाल अक्षरांत ‘मागे घेतला’ असं येतं. मेल्यांनी पुसून तरी टाकावा. तर नाही, सगळ्यांना दिसेल असा कायमचा ठेवतात.

कारण काय, तर नवं औषध फवारलेल्या पानाचा आणि जुनं औषध फवारलेल्या पानाचा फोटो एकच निघाला, फक्त उलटा फिरवलेला. शोधून काढलं कुणा रिकामटेकड्या वाचकाने. काचपट्टीवर हवेचा बुडबुडा राहिला होता. एका फोटोत तो वर डावीकडे, दुसऱ्यात खाली उजवीकडे. लोकांना बुडबुडे बघत बसायला वेळ मिळतो कसा, असं मी संपादकाला खरमरीत लिहिलं. त्याचं अतिशय सभ्य उत्तर आलं. कॉन्व्हेंटातल्या नन पट्टीने बोटांवर मारायच्या, ते परवडलं. सभ्यपणावर कुठे फुंकर घालणार?

आता चिरंजिवांची चौकशी चालू आहे, तीही ऐन नोकरी पक्की व्हायच्या वेळी. आणि या गृहस्थाने समितीपुढे सगळा दोष स्वतःवर घेतला. भांडणं नाही, तंडणं नाही. (तुमच्यावर गेलाय.) मी फोनवर चांगला खडसावला. शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाला, “आत्या, तू जेवलीस का?”

दादाला हे पत्र वाचून दाखवू नका.

तुमची,
तोंडाळ नणंद

ता. क. फोटो नजरचुकीने फिरला, असं मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. वहिनी, फोटो आपण होऊन फिरत नाहीत. चित्रांची मांडणी मीच हौसेने मागून घेतली होती. नवं औषध फवारलेल्या पानाचा फोटो अंधूक आला होता आणि निबंध पाठवायची मुदत संपत आली होती. मी जुनं औषध फवारलेल्या पानाचा घेतला, फिरवला आणि लावला. त्याला हे कळलं ते तक्रार आल्यावर.

आणखी ता. क. आज समितीला हे सगळं माझ्या सहीने कळवलं आहे. ते त्याला विचारतील आणि तो सांगेल, आत्याचं वय झालंय, मला वाचवायला काहीतरी बोलते. मोठ्यांना मान खाली घालायला लावू नये, हे तुम्हीच त्याला शिकवलंत. समिती पुन्हा बसायच्या आत तेवढं त्याच्या डोक्यातून काढा.