दैवशाला काय शोधत होती

प्रिय नर्मदामावशी,

हे पत्र बजरंग तुम्हाला वाचून दाखवील. त्याला म्हणावं, सावकाश वाच.

दैवशालाचं सामान घेऊन मी पोखर्णीला आलो, तेव्हा तुम्ही दारातच विचारलं होतं, "बाबा, माझी लेक पुण्यात काय शोधायली व्हती?" "आकाशातलं," एवढंच मी बोललो आणि चहाही न घेता परभणीची बस धरली. आज सांगतो.

अब्जावधी ताऱ्यांचा जथा असतो, त्याला दीर्घिका म्हणतात. दीर्घिकेच्या मधोमध कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर असतं. जवळ आलेला वायू ते गिळतं, पण वायू सरळ आत पडत नाही. भोवती गरगरत त्याची तबकडी होते, तापते, आणि कधीकधी इतकी झळाळते की दीर्घिकेतले सगळे तारे तिच्यापुढं फिके पडतात. ते क्वेसार. काहींतून दोन बाजूंना झोत सुटतात. झोत नेमका आपल्याकडं रोखलेला असला, तर ते ब्लेझार. आणि तबकडीला धुळीच्या जाड कड्याचा वेढा असतो. हे कडं दैवशालानं मला तुमच्या मेंढरांवरून समजावलं. "दादा कळप घेऊन निघाले की बाजूनं बघणाऱ्याला नुसता धुरळा दिसतोय. टेकाडावरून बघ, एकेक मेंढरू मोजून घे." वरून पाहिलं की केंद्र उघडं दिसतं, तो पहिला प्रकार. बाजूनं पाहिलं की धूळ आड येते, तो दुसरा.

तिनं अभ्यासाला घेतलेली दीर्घिका दुसऱ्या प्रकारची, धुळीआड लपलेली, असं सगळे म्हणायचे. ती एकटी म्हणायची, "धूळ न्हाईच तिथं. आतलं खाणंच संपलंय." आमचे मार्गदर्शक सर हसायचे. ती चिडली की जेवायची नाही. मग मी पूर्णेहून आईनं दिलेला ठेचा तिच्यापुढं सरकवायचो. खाताखाताही भांडायची. ठेचा मात्र सगळा संपवायची, मला काही उरायचं नाही.

श्रावणात तिला डेंगी झाला. तुम्ही दवाखान्यात पोचलात आणि तिच्या उशाशी बसलात. मी बाहेर भिंतीला टेकून उभा होतो. तुम्ही बाहेर आलात, माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणालात, "तुमी हापिसातले ना? जा बाबा आता, लय दमला असाल." मी मान हलवली. जिन्यापर्यंत गेलो आणि तिथंच बसून राहिलो. ती गेली ते मला तुमच्या हंबरड्यानं कळलं.

तिनं क्ष-किरणांच्या दुर्बिणीकडून निरीक्षण मागवलं होतं. ते ती गेल्यावर आलं. धूळ नाहीच, मावशी. तिचंच खरं निघालं. तिथलं केंद्र विझलंय. लांबचा वायू मात्र अजून उजळलेला आहे, कारण केंद्र विझल्याची खबर तिथवर पोचायला हजारो वर्षं लागतात. शोधनिबंधात हे एक वाक्य लिहायला मला कितीतरी दिवस लागले. लिहायचो, खोडायचो. निबंध आता छापून आलाय. पहिलं नाव तिचं, आणि तिच्या नावाला जोडून वडिलांचं, सटवाजीदादांचं. सर आता हसत नाहीत. तिच्या टेबलावर ते कुणाला बसू देत नाहीत.

परवा बजरंगचा फोन आला. वर्षश्राद्धाला ताईच्या ऑफिसातल्या सगळ्यांना आई बोलवायलीय, म्हणाला. मावशी, गेल्या दिवाळीला दैवशाला मला तुमच्याकडं घेऊन येणार होती. तुमच्या आणि दादांच्या पाया पडायला. आम्ही लग्न करणार होतो. "आई पहिल्यांदा लय रागवंल," ती म्हणायची, "मंग तुला पोटभर जेवू घालंल." रागवायचं असेल तर रागवा, मी ऐकून घेईन. पण श्राद्धाला मी येतोय, आणि तेवढी एक विनंती करायला हे पत्र लिहिलंय. मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवू नका. दादांच्या आणि बजरंगच्या जवळ कुठंही बसेन.

तुमचाच,
नागेश