तीन लिटर

२ एप्रिल २०१६

अँटीबॉडी वाढल्या. अकराशेवरून चौतीसशे.

नवऱ्याची, उत्तरेश्वरची किडनी माझ्यात बसवून चौदा महिने झाले. आता माझंच रक्त तिच्यावर उठलं आहे. पुण्याचे डॉक्टर फोनवर म्हणाले, “तीन बाळंतपणं झालीत ना, मॅडम? बाळात नवऱ्याचा अंश असतो. तुमच्या रक्तानं तो तेव्हाच ओळखून ठेवलाय.”

दोन मुली, दोघी सासरी. तिसरा जगला नाही. रक्त त्यालाही विसरलेलं नाही.

गोळ्या वाढवल्या. महिन्याभरानं पुन्हा तपासणी. आकडा उतरला नाही तर बायोप्सी – मग किडनी राहते की जाते ते कळेल. तोवर रोज तीन लिटर पाणी. “त्यात काटकसर नको!”

आमच्या वडगावात टँकर दहाव्या दिवशी येतो.

५ एप्रिल

टँकर आला. घरटी चार घागरी.

उत्तरेश्वर सकाळी लिटरच्या तीन बाटल्या भरून माझ्या टेबलावर ओळीनं ठेवतो, मग डेअरीत जातो. दूध सोसायटीचा सचिव आहे. संध्याकाळी आल्या आल्या बाटल्या बघतो. रिकाम्या दिसल्या की चप्पल काढतो.

“आणि तुम्ही?”

“माझं डेअरीवर होतं. तू पी.”

९ एप्रिल

शाळेतून आणलेल्या चौदा उत्तरपत्रिका तपासल्या. थकले. पाणी पूर्ण.

१७ एप्रिल

पुण्याहून फोन – किडनी देणाऱ्याची वार्षिक तपासणी राहिली आहे. उत्तरेश्वर म्हणाला, “मला काय धाड भरलीय? आधी तुझं निस्तरू.”

दुपारी त्याला चक्कर आली होती. ऊन, म्हणाला.

३० एप्रिल

रक्त दिलं. नळी सोसायटीच्या बर्फाच्या पेटीत, दुधाच्या नमुन्यांशेजारी. दुधाच्या टेम्पोनं बीड, तिथून पुणे. नळीवरचं नाव उत्तरेश्वरनं घातलं, नमुन्यांवर घालतो त्याच अक्षरात.

टेम्पोवाला बंकट ओरडला, “सेक्रेटरी, वहिनीच्या रक्ताला फॅट किती लागलं?”

“लई हाय. वाटंत पाणी घालू नको म्हंजे झालं.”

“घालायला पाणी हाय कुठं बे!”

सगळे हसले. मीही.

६ मे

नऊशे! उतरल्या. बायोप्सी नको.

उत्तरेश्वरनं कागद हातात घेतला. आकडा पुन्हा पुन्हा बघितला. खाली बसला. उठताना भिंत धरली. आनंदानं, मला वाटलं.

७ मे

तो डबा विसरला, म्हणून डेअरीत गेले. माठ पालथा. आत कोळ्याचं जाळं.

बंकटला विचारलं.

“इथं पाणी कुठलं, वहिनी? दीड महिना झाला बोअर आटून. कॅनबी बीडहून धुवून आणतो मी.”

“मग हे दिवसभर काय पितात?”

“सकाळी कपभर च्या.” मग हळूच, “तुमाला म्हाईत न्हाई?”

संध्याकाळी तिसरी बाटली त्याच्यापुढे ठेवली.

“तुझी हाय ती.”

ओरडले मी. एकच किडनी उरलीय तुमच्यात! उन्हाळाभर काय केलंत हे! तो बाटलीकडे बघत राहिला. प्याला तेव्हा लहान मुलासारखा घटाघटा प्याला.

उद्या बीडला, त्याचं रक्त द्यायला. या वेळी नाही म्हणाला नाही.

९ मे

क्रिॲटिनिन – किडनी चालेनाशी झाली की रक्तात वाढतं ते. माझं एक पूर्णांक एक. उत्तरेश्वरचं चार पूर्णांक दोन.

त्याची एक किडनी उत्तम चालली आहे. माझ्यातली.