कार्डांच्या पेटीची वारस

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, बोलक्या वाचनालयाची निवृत्त चिटणीस, आज पूर्ण शुद्धीत, पोटभर नाश्ता करून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. दडपण आणायला घरात दुसरे कोणी नाही. डॉक्टरांनी माझे हृदय तपासून 'अजून पुष्कळ चालेल' असे लेखी दिले आहे, तो कागद सोबत जोडला आहे. तरीही आजच लिहिते, कारण जिच्यावरून माझ्यामागे भांडण होईल अशी माझ्या घरात एकच वस्तू आहे, आणि तिच्यावरून भांडण माझ्या जिवंतपणीच सुरू झाले आहे.

वाचनालय कसले ते आधी सांगते, म्हणजे हे कोर्टात वाचणाऱ्याला कोडे पडायला नको. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमची माणसे यंत्रासमोर बसून पुस्तके वाचतात, आणि ते आवाज घरोघर जातात. छापखान्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून गोधड्या लावल्या आहेत. हे सगळे चालते देणगीदारांवर. ती माणसे जोडणे आणि जोडलेली टिकवणे हे माझे काम होते, अडतीस वर्षे. प्रत्येकाला मी हाताने पत्र लिहीत असे, म्हणून लोक मला पत्रबाई म्हणतात. दुसरे नाव असले तरी मला त्या नावाने हाक मारली तर मी मागे वळून बघेन याची खात्री नाही.

कलम पहिले. माझे राहते घर, दोन खोल्या व एक गॅलरी, मी वाचनालयाला देते. मागची खोली रस्त्याच्या बाजूला नाही, तिथे ध्वनिमुद्रण छान होईल. स्वयंपाकघरातला नळ मात्र ठिबकतो. तो आधी दुरुस्त करावा, नाहीतर प्रत्येक कादंबरीत टपटप ऐकू येईल.

कलम दुसरे. माझे लोखंडी कपाट, रेडिओ आणि आरामखुर्ची धाकट्या भावाला. हा भाऊ पाहुण्यांसमोर माझी ओळख 'ही आमची ताई, लोकांपुढे हात पसरते' अशी करून देत असे आणि स्वतःच हसत असे. मी हात पसरला नाही. मी लोकांच्या घरी गेले, त्यांचे ऐकले, आणि त्यांना जे करावेसे वाटत होते ते करायची जागा दाखवली. हे त्याला चाळीस वर्षांत कळले नाही. आरामखुर्चीत निवांत बसल्यावर कळेल अशी आशा आहे. त्याच्यावर माझा राग नाही. होता, पण त्याने मला एक गुणी मुलगी भाची म्हणून दिली, तेव्हा हिशेब मिटला असे मी धरले होते. पण आता त्या भाचीचेच प्रकरण येते.

कलम तिसरे. कार्डांची पेटी. सागवानी, चार खणांची, पितळी कुलपासह. तिच्यात तीनशेवर माणसांची कार्डे आहेत. कोणी किती दिले ते त्यांत नाही, ते वहीत असते. कार्डावर असते ते असे: 'डाव्या कानाने कमी ऐकू येते, उजवीकडे बसावे.' 'मुलाचा विषय काढू नये.' 'कुत्र्याची चौकशी आधी, मग यांची.' कार्डाच्या कोपऱ्यात तीन गोल असतात. नव्या माणसाकडे गेले की एकेक गोल भरायचा. पहिल्या दोन भेटींत काही म्हणजे काही मागायचे नाही. बसायचे, चहा प्यायचा, उठायचे. तिसऱ्या भेटीत तो माणूसच विचारतो, "बोला, काय करू तुमच्यासाठी?" माझा हा नियम कधी चुकला नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा भाचीला मीच चिटणीस केले, मीच शिकवले. पाच महिन्यांपूर्वी तिने तीनशे जणांना मोबाईलवर एकच संदेश धाडला. 'प्रिय देणगीदार, आपल्या सहकार्याबद्दल आभार. यंदा देणगी वाढवण्याचा विचार करावा.' तो शिवणताईंनाही गेला. शिवणताई म्हणजे गल्लीच्या टोकाला कपडे शिवतात त्या. बावीस वर्षे दर महिन्याला देतात, आणि भिंतींवरच्या सगळ्या गोधड्या त्यांच्या हातच्या. त्या मोबाईल हातात धरून माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि एवढेच म्हणाल्या, "बाई, मला तिथं नावानं ओळखत होते ना?"

मी चपला घातल्या आणि तडक वाचनालय गाठले. डोक्यात राख घालून घेतली होती, हे कबूल करते. चार वाचकांसमोर भाचीला म्हणाले, "माणसं आहेत ती, का पत्त्यांची यादी?"

ती म्हणाली, "आत्या, तीनशे जण आहेत आणि मी एकटी आहे. तुझ्यासारखी अडतीस वर्षं कुठून आणू?"

"मग ही पेटीही नकोच तुला," असे म्हणून मी पेटी उचलली आणि तीन मजले उतरले. भलती जड आहे. वाटेत कोणी 'द्या बाई, धरतो' म्हटले असते तर तिथेच राग उतरून मी परत फिरले असते, पण मेले कोणी आले नाही.

तेव्हापासून पेटी माझ्या पलंगाखाली आहे. भाची दोनदा घरी येऊन गेली. पेटीचा विषय नाही, माफीचा शब्द नाही. बसते, चहा पिते, माझ्या गुडघ्याची चौकशी करते आणि जाते. इतकी निगरगट्ट कशी झाली कोण जाणे! सबब ही पेटी माझ्या मृत्यूनंतर कुलूप लावून ठेवावी आणि भाचीला देऊ नये.

वकीलसाहेबांनी हे कलम लिहायला साफ नकार दिला. "पेटी तुमची नाही, वाचनालयाची आहे," म्हणाले. "जे आपलं नाही ते मृत्युपत्रात देता येत नाही आणि अडवताही येत नाही. खरं तर तुम्ही ती पळवून आणली आहे." म्हणून हा सगळा मजकूर मी माझ्या हाताने लिहीत आहे.

कलम चौथे. माझे शाईचे पेन हयातरावांना देण्याची इच्छा होती. हे कुलपांचे व्यापारी; पेटीचे कुलूप त्यांचेच. हयातराव हे नाव मी ठेवले, त्याला कारण आहे. वीस वर्षांपूर्वी त्यांच्या दुकानात कोणीतरी वारल्याचे कळले. मी चौकशी न करता घाईघाईने त्यांच्या घरच्यांना दोन पानी सांत्वनपत्र धाडले. माणूस किती दिलदार, गिऱ्हाइकाशी वागणे किती सरळ, आमच्या वाचकांसाठी स्वतः खुर्च्या खांद्यावर वाहून आणल्या, सगळे मन लावून लिहिले. तिसऱ्या दिवशी ते पत्र हातात घेऊन गृहस्थ स्वतः वर आले. वारले होते त्यांचे थोरले बंधू.

मी खुर्ची पुढे केली. ते म्हणाले, "यातलं सगळं खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हणाले.

"मग मी मरायची वाट कशाला बघत होतात?"

त्यानंतर आजवर महिन्याचा पहिला सोमवार त्यांनी चुकवलेला नाही. येतात आणि रहस्यकथा वाचतात. खुनी कोण हे त्यांना आधी माहीत असते, त्यामुळे तो खोलीत आला रे आला की त्यांना हसू फुटते. ऐकणारे तक्रार करतात आणि पुढच्या वेळी त्यांचाच आवाज मागतात. मीही त्या दिवसापासून एक धडा घेतला: चांगले बोलायचे ते माणूस ऐकू शकतो तोवर बोलायचे. तर पेन त्यांना द्यायचे होते, पण ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे. "मला पेन नको, त्याने सही तेवढी करू द्या," म्हणाले. तेव्हा पेन वाचनालयाच्या टेबलावर राहील. आभाराची पत्रे त्यानेच लिहावीत.

कलम पाचवे. माझी शिल्लक जी काही असेल ती वाचनालयाला. अट एकच: या देणगीचे आभारपत्र हाताने लिहावे, आठवड्याच्या आत, माझ्या नावाने. मी वाचायला नसेन, म्हणून ते माझ्या भावाला मोठ्याने वाचून दाखवावे. तो आरामखुर्चीत बसलेला असावा.

इथवर गुरुवारी लिहून झाले. पुढचे सोमवारचे आहे.

कलम सहावे. दुसऱ्या साक्षीदार म्हणून शिवणताईंना विचारायला मी रविवारी त्यांच्या दुकानी गेले. त्या बाही जोडत होत्या. त्यांना कलम तिसरे वाचून दाखवले. मला वाटले, बाई खूश होतील. त्यांनी मशीन थांबवले.

"बाई, ती पोर माझ्याकडे तीनदा येऊन गेली."

"मोबाईलवर?"

"पायांनी. पहिल्यांदा मी तिला बस म्हटलं नाही. उभ्यानं दोन शब्द बोलली, गेली. दुसऱ्यांदा बसली. माझ्या हातून सुईत दोरा जात नव्हता, तिनं ओवून दिला."

"आणि मागितलं काय?"

"काही नाही. तिसऱ्यांदा मीच विचारलं, बाई गं, काय पाहिजे तुला? तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, मावशी, तुम्हाला नावानं हाक मारायचा हक्क परत पाहिजे. गोधड्या जुन्या झाल्यात, नव्या शिवायला घेतल्या मी."

मी तिथल्या स्टुलावर बसले. बसते, चहा पिते, काही मागत नाही, उठते. दोन भेटी. अडतीस वर्षे जे मी दुसऱ्यांच्या दिवाणखान्यांत करत आले, ते माझ्याच घरात माझ्यावर चालले होते, आणि मला पत्ता नाही! मी त्या मुलीला निगरगट्ट म्हणत होते. माझी मलाच अशी लाज वाटली की काय सांगू.

घरी येऊन पलंगाखालून पेटी ओढली. काय शोधत होते ते मलाही नीट माहीत नव्हते. पहिल्या खणात, 'आ' अक्षराखाली, भाचीच्या तिरक्या अक्षरातले एक कार्ड सापडले. पाच महिने पेटी माझ्यापाशी, म्हणजे भांडणाच्या आधीच कधीतरी लिहिलेले. मी कधी 'आ'चे कार्ड उघडलेच नव्हते. जसेच्या तसे उतरवते:

'आत्या. डावा गुडघा, जिन्यात पुढे चालू द्यावे, धरू नये, धरलेले आवडत नाही. चहा दोनदा नको म्हणते, तिसऱ्यांदा घेते. चुकले तर लगेच माफी मागू नये, अजून चिडते. तिची आठवण येते हे तिला कधी सांगितलेले नाही. सांगावे.'

कोपऱ्यात तीन गोल, तिन्ही रिकामे. मी पेन काढले आणि दोन भरले. मग बराच वेळ नुसती रडत बसले, आणि मधूनच हसूही येत होते. तिसरी भेट तिची होती. पण ती येईपर्यंत वाट बघत बसायची म्हणजे हयातरावांच्या पत्रासारखीच गत. मी तिच्या येण्याची वाट बघितली नाही.

कलम सातवे. कलम तिसरे रद्द. वकीलसाहेब म्हणतात, कागद नव्याने लिहा. मी नाही लिहिणार. ते खोडू नये, तसेच राहू द्यावे. एकाहत्तराव्या वर्षी माणूस किती चुकू शकतो हे पुढच्यांना कळू दे.

पेटी या मृत्युपत्रात कोणालाही दिलेली नाही. ती आज सकाळी तीन मजले चढून जिथली तिथे ठेवली आहे. पहिल्या मजल्यावर हयातराव भेटले, ते पहिल्या सोमवारचे वाचायला निघाले होते. या वेळी 'द्या बाई, धरतो' म्हणाले. मी दिली नाही. भाची वरच्या दारात उभी होती. तिने मला पुढे चालू दिले, धरले नाही. पेटी टेबलावर टेकल्यावर म्हणाली, "आत्या, तुझी फार आठवण येत होती गं." मी म्हणाले, "माहीत आहे. वाचलंय मी." ती लाजून लालबुंद झाली. तीनशे कार्डे तिने एकटीने सांभाळायची नाहीत, असेही ठरले: मंगळवार आणि शुक्रवार मी येईन आणि 'क'पासून 'म'पर्यंतची माणसे माझी. मोबाईलवर संदेश धाडायला माझी हरकत नाही, फक्त प्रत्येकात नाव हवे आणि कुत्रा असेल तर कुत्रा.

कलम आठवे. माझी निळी शाल शिवणताईंना द्यायची होती. त्याही साक्षीदार, म्हणून तीही या कागदातून वगळली आहे. आता त्यांच्या खांद्यावर आहे.

कलम नववे. भाचीला, माझ्यामागे, 'आ'चे ते कार्ड; पेटी वाचनालयाची असली तरी हे एक कार्ड माझे, असे मी धरते. तिसरा गोल मी भरला आहे. तिच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात एक ओळ वाढवली आहे: 'तिसऱ्या भेटीला स्वतःच आली.'

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले, आणि मला पटले. खालील दोघांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

(सही) पत्रबाई

साक्षीदार पहिले: (सही) कुलपांचे व्यापारी. शेरा: मी आजही हयात आहे.

साक्षीदार दुसऱ्या: (सही) शिवणकाम करणाऱ्या. शेरा: शाल ऊबदार आहे.

ठिकाण: बोलके वाचनालय, बाहेरची खोली, पेटीशेजारी.

दिनांक: महिन्याचा पहिला सोमवार. वेळ: भाचीने चहा विचारला, मी दोनदा नको म्हटले, आणि ती तिसऱ्यांदा विचारायला वळली आहे.