डंडीच्या रस्त्यावरचा नाग

१३ जुलै २०२५, रविवार
दीपश्रीचा फोटो आला! दोन वर्षांत लेक आली नाही, फोटो मात्र येतात. स्कॉटलंडात डंडी गावाजवळ रस्त्याकडेला उभा केलेला दगड, माणसापेक्षा उंच. शेजारी ती. एकटीच. श्रीहर्षनी काढला असेल — जावई फोटोत कधी येतच नाहीत. बारीक झालीये पोरगी.

१४ जुलै
फोटो मोठा करून पाहिला. दगडावर कोरलेला चक्क नाग! खाली आरसा, फणी. म्हणजे बायकांचंच ठाणं. इथे सप्तापूरला पिंपळाखाली आपले नागाचे दगड आहेत, तसंच. दीपू म्हणते, "आई, पिक्ट नावाचे लोक होते, तेरा-चौदाशे वर्षांपूर्वी. या खुणा कशाच्या, अजून नक्की कुणालाच माहीत नाही." माहीत नाही म्हणे! मला विचारायचं.

१९ जुलै
शेजारच्या अंबूताई फाटकातूनच — "इंदुमतीअक्का, पंचमीला सगळ्यांच्या लेकी माहेरी येतात. तुमची हो?" रजा नाही म्हटलं. खोटंच. यंदा मी विचारलेलंच नाही. पुन्हा 'नाही' म्हणाली तर मला ऐकवणार नाही.

२१ जुलै
फोनवर सांगून टाकलं — पंचमीला त्या नागाला दूध घाल, हळदकुंकू लाव, मूल माग. लग्नाला सहा वर्षं झाली!
"आई, सरकारी दगड आहे तो. हळद लावली तर पोलीस नेतील मला."
"मग लांबून नमस्कार करा. पण जोडीनं जा."
फोनच ठेवून दिला तिनं. रागावली वाटतं. रागावू दे.

२८ जुलै
पंचमीच्या शेंगदाण्याच्या उंड्या, म्हणजे लाडूच, वळल्या. तिला आवडतात तेवढ्या मोठ्या. खायला कोण आहे इथे? फार आठवण येते गं. रोज येते, पण या चार दिवसांत जीव थाऱ्यावर राहत नाही.

२९ जुलै, नागपंचमी
दुपारी तिचा फोन. "दगडापाशीच उभी आहे, आई." वारा नुसता घोंघावत होता. मी म्हटलं, श्रीहर्षना बोलाव, दोघं मिळून हात जोडा. आधी हसली. मग रडायलाच लागली! काही सांगेना. "उद्या बोलते," म्हणाली.

३० जुलै
दीपूनं फोनवर सगळं सांगितलं. श्रीहर्ष घर सोडून गेले. दीड वर्ष झालं. इथे आली की सगळे विचारतील, मी आधी विचारीन — म्हणून येत नव्हती. आणि मी जोडीनं जा म्हणत बसले! एकटी ये म्हटलं. पंचमी होऊन गेली तरी ये.